खाजवणारे आणि तापवणारे

आदिलाबादला निघालं की लोक आधी वाघाचं विचारतात. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर अभयारण्य आहे आणि तिथले वाघ नदी ओलांडून तेलंगणात भीमपूरच्या कापसात शिरतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. चावणाऱ्या किड्यांचं कोणी विचारत नाही. फार तर ओडोमॉसची ट्यूब सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात खुपसतात आणि विषय संपतो.

आमच्याकडे तो संपला नाही. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर भाद्रपदात कुंटाला, पोचेरा, कनकाई हे धबधबे पाहायला आणि जमलं तर कडम नदीकाठी तंबूत राहायला निघाली होती. माझे मेहुणे आदिलाबादलाच असतात. त्यांची सगळी नोकरी उटनूरच्या पट्ट्यात मलेरियाच्या कामावर गेली. तापाच्या माणसाचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचं, घरोघरी फवारणी करायची, मच्छरदाण्या वाटायच्या. नंदीग्राम एक्स्प्रेसने आम्ही सगळे उतरलो आणि त्याच संध्याकाळी अंगणात चहावर मामा-भाचीची जुंपली. मी मध्ये फारसा पडलो नाही, पडलो तिथे सांगेन. मामांची बोली वऱ्हाडी वळणाची आहे, इथे बरीचशी सरळ केली आहे.

भाची : मामा, त्या ट्यूबा आत ठेवून द्या. मी नाही नेणार. अंगाला औषध फासून धबधब्याच्या कुंडात उतरायचं आणि खाली तेच पाणी गावातली गुरं-माणसं पिणार. जंगलात पाहुणे म्हणून जायचं तर चार डंख सोसावेत.

मामा : चार काय, चाळीस सोस. फक्त कोणाचे सोसणार ते सांग.

भाची : म्हणजे?

मामा : चावणारे दोन तऱ्हेचे असतात पोरी, खाजवणारे आणि तापवणारे. खाजवणारा आला की कळतो. कुंटाल्याच्या पायऱ्या उतरताना मोठी गोमाशी मानेवर बसेल. ती सुई टोचत नाही, कातडी कापून रक्त चाटते. तू ओरडशील. झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या कॉलरमध्ये पडल्या की थयथयाट होईल. चिलटं डोळ्यांत जातील. पण गोमाशी चावली म्हणून तापाने फणफणलेलं माणूस मी पाहिलं नाही. तापवणारा असा वाजतगाजत येत नाही. ॲनाफिलीस केवढासा असतो! पंखांवर ठिपके, भिंतीवर बसला की मागची बाजू वर करून तिरपा बसतो. गुणगुण म्हणशील तर जवळजवळ नाहीच. सकाळी विचारलं तर माणूस सांगतो, रात्री काही चावलंच नाही.

भाची : म्हणजे ज्यांचा आम्हाला राग येतो ते निरपराधी!

मामा : आणि ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांच्यासाठी सरकारने मला पगार दिला.

मला वाटतं, प्रवासी मंडळींच्या बहुतेक गप्पा इथेच चुकतात. कुठे किती चावलं, किती गांधी उठल्या, ह्यावर जागेची भीती ठरवली जाते. गांधी म्हणजे आपल्याच शरीराने किड्याच्या लाळेवर केलेली कुरबुर. ती एकाला उठते, दुसऱ्याला उठत नाही. जंतू शिरला की नाही ह्याचा तिच्यावरून काही अंदाज येत नाही.

भाची : बरं, पण इथले लोक काय करतात ते बघा ना. मेस्राम ह्या गोंड घराण्याची माणसं नागोबाच्या जत्रेआधी केसलापूरहून गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी जातात. रानातून कितीतरी दिवस चालायचं, उघड्यावर झोपायचं. त्यांच्या झोळीत कुठलं क्रीम असतं?

मामा : नसतं. पण ते जातात कधी?

भाची : पौषात.

मामा : मग! पुष्य अमावास्येची जत्रा, हाडं वाजवणारी थंडी. त्या दिवसांत डास गारठलेला असतो, त्याच्या पोटातला जंतूही लवकर वाढत नाही. तू चाललीस भाद्रपदात. जून-जुलैत धबधबा भरून कोसळतो तेव्हा ओढ्यातल्या अळ्या वाहून जातात. पाऊस ओसरायला लागला की खडकाच्या खळग्यात पाणी साचतं, काठाला गवताआड संथ धार राहते, आणि तिथे पैदास सुरू होते. डोंगराच्या पायथ्याच्या ओढ्यात होतो तो फ्लुवियाटिलिस. त्याला माणसाचंच रक्त आवडतं. दुसरा क्युलिसिफेसीस, तो आधी गुराकडे जातो आणि मग माणसाकडे. तुमच्या फोटोतली सगळ्यांत सुंदर जागा तीच त्यांची नर्सरी.

भाची : थांबा. पौषाचं पटलं. पण दंडारीचं काय? दिवाळीच्या आधीपासून गोंडांची दंडारी पथकं गावोगाव जातात, दुसऱ्या गावात रात्र-रात्र नाचतात, तिथेच मुक्काम करतात. आश्विन म्हणजे तुमच्या हिशेबाने ऐन हंगाम. आणि त्यांतले गुसाडी नाचणारे तर उघडे असतात. मोरपिसांचा टोप, अंगभर राख.

मामा : (हसून) ती राख देवाची आहे बाई, डासासाठी लावलेली नाही.

भाची : पण जातातच ना ते?

मामा : जातात. आणि तुला वाटतं त्यांना ताप येत नाही? दिवाळीचे दिवस म्हणजे आमची सगळ्यांत जास्त धावपळ. एका गावचं रक्त दुसऱ्या गावच्या डासाला मिळायचं. तू जे पाहतेस ना, की इथल्या लोकांना काही होत नाही, ते असं आहे : ज्याला लहानपणापासून पुन्हापुन्हा मलेरिया झालाय त्याच्या अंगात थोडी सहनशक्ती येते. ती फुकट आलेली नसते. त्याच्या लहान भावंडांचं काय झालं ते विचारून पाहा.

ह्यावर ती गप्प राहिली. पण हरली नव्हती, कारण पुढचा वार तिने मामांच्या नोकरीवरच केला.

भाची : तुमची औषधं तरी कुठे जिंकली? मी वाचलंय. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असतील असा अंदाज होता. १९५८ ला तर निर्मूलनच जाहीर केलं. डीडीटी फवारून-फवारून १९६५ च्या सुमाराला आकडा लाखावर आणला. आणि १९७६ मध्ये पुन्हा चौसष्ट लाख! डास निर्ढावले. क्युलिसिफेसीस तर डीडीटीला दाद देत नाही. आणि त्याच फवाऱ्यावर विश्वास ठेवून मी अंगाला रसायन लावू?

मामा : हे खरं आहे.

भाची : काय खरं?

मामा : तू म्हणतेस ते. घराच्या भिंती पांढऱ्या व्हायच्या, बायका दुसऱ्या दिवशी शेणाने सारवून टाकायच्या, आणि आम्ही रजिस्टरमध्ये घर झालं म्हणून लिहायचो. डास हुशार झाला, आम्ही आकड्यांत रमलो. पण फवारा भिंतीवर असतो आणि क्रीम तुझ्या हातावर. ते डासाला मारत नाही, तुझा वास त्याला लागू देत नाही. जो मरत नाही तो निर्ढावण्याचा प्रश्न तितका येत नाही.

इथे बॅगा उपसल्या गेल्या. एका मैत्रिणीकडे अमेरिकेहून आलेली डीटची बाटली होती. हे डीट अमेरिकी लष्कराने १९४६ साली वापरात आणलं, सामान्य लोकांना ते १९५७ पासून मिळू लागलं. आपल्याकडच्या ओडोमॉसमध्ये डीट नसतं, डायइथाइल बेन्झामाइड असतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने डेपा नावाचं तिसरं एक काढलंय. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप आला तेव्हा गोचिडांपासून वाचायला रानात जाणाऱ्यांना अंगाला असंच काही लावायला सांगत होते.

भाची : ही बाटली बघा, ह्या डीटने माझ्या कॅमेऱ्याच्या ग्रिपचं रबर चिकट झालं होतं मागे. प्लास्टिक विरघळवणारी वस्तू कातडीला लावायची?

मामा : प्लास्टिक आणि कातडी एक नव्हे. पण कॅमेरा, चष्मा, घड्याळाचा पट्टा, तुमच्या त्या ताणणाऱ्या पँटी, ह्यांना लागू देऊ नको. सुती कापडाला काही होत नाही. आणि बाटलीवरचा टक्का बघून घाबरू नको की भुलू नको. टक्का वाढला म्हणून डास जास्त पळत नाही, जास्त वेळ पळतो, एवढंच.

भाची : आणि सिट्रोनेला? ते तर गवताचंच तेल.

मामा : लाव. तासाभराने पुन्हा लाव. मग पुन्हा. रात्रभर तेच करत बस.

भाची : कडुलिंब?

मामा : त्याला मी नाही म्हणणार नाही. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने नव्वदच्या दशकात तपासलं होतं. खोबरेल तेलात दोन टक्के निंबोळी तेल घातलं तर ॲनाफिलीस चांगला दूर राहतो असं त्यांना दिसलं. घरी बनवता येतं. फक्त वास असा येतो की डासाबरोबर तुझ्या मैत्रिणीही दूर राहतील.

मग धुराचा विषय निघाला आणि इथे मला मामांचं पटलं नाही. गोवरीवर निर्गुडीचा किंवा कडुलिंबाचा ओला पाला टाकून धूर करायचा, ही आपल्या खेड्यांची जुनी रीत आहे. मामा म्हणाले, धुराने डास मरत नाही, फुप्फुस मात्र नक्की काळं होतं, आणि गोंडाच्या घरात चूल दिवसभर पेटलेली असूनही मलेरिया होतोच. बंद खोलीपुरतं हे बरोबर आहे. पण संध्याकाळी उघड्या अंगणात, वाऱ्याच्या दिशेला, जेवण होईपर्यंतचा धूर हा अगदी शहाणपणाचा उपाय आहे. त्या तासाभरात अंगावर येणारी चिलटं आणि बरेचसे डास तो थोपवतो. चूक एवढीच होते की माणूस त्या धुराच्या भरवशावर तिथेच उघडा झोपतो.

भाची : म्हणजे बाबा माझ्या बाजूने.

मी : अर्ध्या.

एवढ्यात मामी आतून मच्छरदाणी घेऊन आल्या. त्यांनी ती उघड्या दारासमोर दोन्ही हातांनी ताणून धरली, उजेडासमोर हळूहळू सरकवली आणि एका जागी थांबल्या. करंगळी जाईल एवढं भोक. पदराला टोचलेली सुई काढून त्यांनी तिथल्या तिथे ते शिवून टाकलं, आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, “झोपेत कोपर जाळीला टेकलं की बाहेरूनच चावतो. ऐसपैस बांधजो, आणि कडा सतरंजीखाली खोचजो. लोंबती ठेवू नको.” एवढं बोलून आत गेल्या. सगळ्या चर्चेत कामाचं सगळ्यांत जास्त कोण बोललं असेल तर त्या.

मामा : ही औषधाची जाळी आहे, कारखान्यातच औषध मुरवलेली. साधी जाळी डास अडवते, वाळूमाशी अडवत नाही.

भाची : वाळूमाशी म्हणजे?

मामा : सँडफ्लाय. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. नीट उडत नाही, उड्या मारल्यासारखी जाते, बसली की पंख उभे. मातीच्या भिंतीच्या भेगांत राहते. चंडिपुरा विषाणू तिच्याकडून जातो. नागपूरजवळच्या चंडिपुरात १९६५ ला सापडला म्हणून ते नाव. २००३ च्या पावसाळ्यात आमच्या तेव्हाच्या आंध्रात आणि विदर्भात त्याने लहान मुलं नेली. सकाळी ताप, संध्याकाळी झटके. तुमच्याबरोबर कोणी लहान मूल आहे?

भाची : एकीची सहा वर्षांची मुलगी.

मामा : तिला पडक्या मातीच्या घरात किंवा गोठ्याशेजारी झोपवू नका. बाकी तुम्ही काय करायचं ते करा.

पहिल्यांदाच त्यांनी हुकूम दिला आणि पहिल्यांदाच तो कोणी नाकारला नाही.

भाची : मामा, एक विचारू? तुमचं सगळं खरं धरलं तरी मला त्यात काहीतरी खटकतं. सिकंदराबादला १८९७ मध्ये रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. ते डास हुसेन खान नावाच्या एका रुग्णाला चावायला सोडले होते, डासामागे एक आणा देऊन. रॉसला १९०२ चं नोबेल मिळालं. हुसेन खानला आणे. आणि आता मी मुंबईहून येणार, दोन रात्री अंगाला कवच लावून गोंडवाडीत बसणार. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीला जे वर्षभर चावतंय ते मला दोन रात्री नको? मला लाज वाटते ह्याची.

मामा : (बराच वेळ कप फिरवत) तू म्हातारीला वाचवायला तरी लाव.

भाची : मी लावल्याने ती कशी वाचेल?

मामा : डास जन्मतः जंतू घेऊन येत नाही पोरी. आधी आजारी माणसाला चावतो, मग दहा-बारा दिवस त्याच्या पोटात जंतू वाढतो, मग तो दुसऱ्याला देतो. मुंबईत मलेरिया नाही का? आहे. व्हायवॅक्स जातीचा जंतू तर यकृतात महिनोन्महिने दबून बसतो. तुमच्या पाच जणींत एखादीच्या रक्तात तो असला आणि ती उघड्या हातांनी ओसरीवर बसली, तर तुम्ही धबधबे बघून परत जाल. पंधरा दिवसांनी तिला चावलेला डास त्या म्हातारीच्या नातवाला चावेल. वाघाला घाबरून तुम्ही गाडीत बसता. डासापासून लपायचं ते नुसतं तुमच्यासाठी नाही.

माझ्या मते वाद इथे बदलला. तोवर तो धैर्य आणि रसायन ह्यांच्यातला होता. पाहुण्याने चार डंख सोसावेत, हे भाचीचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण पाहुणा यजमानाच्या घरी फक्त रक्त देऊन जात नाही, हे त्यात येत नाही. निसर्गाशी एकरूप व्हायची हौस असणाऱ्या मंडळींना मी हेच सांगेन : डास तुम्हाला जंगल आणि माणूस असं वेगळं करून पाहत नाही. त्याच्यासाठी तुम्ही आणि ती म्हातारी एकाच पंगतीला आहात.

भाची : मग सांगा, कसं करायचं. पण कुंडात उतरताना मी काही लावणार नाही.

मामा : लावूच नको. दिवसा त्याची गरजही कमी. दिवसा गवतात लोळू नको, एवढं सांभाळ. झुडपांच्या कडेला, उंच गवतात एक किडा असतो, डोळ्याला दिसत नाही इतका. स्क्रब टायफसचा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे त्याने माणसं दगावली. चावलेलं दुखत नाही, खाजतही नाही. कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, गुडघ्यामागे, सिगरेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते. आंघोळ करताना एकमेकींना बघायला सांगा. पँट मोज्यात खोच. गोचीड लागलीच तर रॉकेल ओतू नको, काडी लावू नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढ.

भाची : आणि संध्याकाळी?

मामा : कुंडातून निघालीस की अंग पुसून पूर्ण बाह्यांचा फिकट, सैल शर्ट. सूर्य कलायच्या आत. उघडं राहिलं तेवढ्यालाच क्रीम, म्हणजे पावलं, घोटे, मनगटं, मान. त्या लहान पोरीच्या तळहाताला नको, ती तोंडात घालते. सकाळी परत पाण्यात उतरायच्या आधी किनाऱ्यापासून लांब, ओंजळीत पाणी घेऊन, साबणाने पुसून काढ. तुझ्या गुरांना आणि माणसांना एवढं पुरे.

भाची : आणि तंबू?

मामा : काठावर नाही. परवानगी मिळाली तर गावालगतच्या टेकाडावर, वारा लागेल असा. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. आणि परवानगी वनखात्याची लागते, नुसत्या फेसबुकवरच्या मित्राची नव्हे. कड्याखाली काळं मोहोळ लोंबताना दिसलं तर अत्तर नको, आरडाओरडा नको, आणि धूर तर मुळीच नको. आग्या माश्या उठल्या तर पाण्यात बुडी मारून त्या जात नाहीत. तोंड झाकून सरळ पळायचं.

प्रतिबंधक गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा मामांनी हात वर केले. ते डॉक्टरने सांगावं, माझ्यासारख्याने नाही, म्हणाले. लसणाच्या पाकळ्या आणि ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन डास पळतात ह्यावर मात्र ते मोठ्याने हसले.

शेवटी मुलीने क्रीमची एक ट्यूब आणि मामींची शिवलेली जाळी घेतली. डीटची बाटली आदिलाबादलाच राहिली. नदीकाठच्या तंबूचा बेत रद्द झाला. भाद्रपद रद्द झाला नाही. मामांना पौष हवा होता आणि मलाही. पण पौषात धबधब्याला पाणी कमी असतं, आणि तिला पाणी बघायचं होतं. ह्या मुद्द्यावर तिचंच बरोबर आहे.

मामांनी निघताना जे सांगितलं ते वाचकांसाठीही आहे, म्हणून जसंच्या तसं देतो. रानातून परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर व्हायरल असेल, डेंग्यू असेल म्हणत घरी बसू नका. थंडी वाजते की नाही ह्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टर विचारोत न विचारोत, कुठे गेला होतात ते गाव, तो जिल्हा आणि ती तारीख स्वतःहून सांगा. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांसमोर तुम्ही फक्त तापाचा रुग्ण असता. आदिलाबाद हा शब्द तुम्ही उच्चारल्याशिवाय तो त्यांच्या कागदावर येत नाही.